बाजारात तुरी, खिशात जुनाच फोन

नवा फोन घ्यायचा विचार चाललाय म्हणता? मग हातातला चहाचा कप खाली ठेवा, देव्हाऱ्याकडे बघा आणि शपथ घ्या की घेणार नाही. टॅबसुद्धा नाही. दुकानात काचेआड मांडलेल्या फोनला किंमत असते, वजन असतं, खोड्या असतात, शिवाय त्याच्याबद्दल तुमच्या मेहुण्याचं मत असतं. जो अजून यायचाय त्याला यातलं काहीच नसतं. त्याची बॅटरी दोन दिवस पुरते, तो तापत नाही, त्याचा कॅमेरा अमावास्येच्या रात्री पांडवकडा धबधब्याचे थेंब मोजतो, आणि किंमत अशी की ऐकून बायकोसुद्धा "बघा बाई" म्हणते. असा फोन सोडून दुकानातला घेणं म्हणजे उद्याचं श्रीखंड सोडून आजचं पिठलं ओरपणं. आता तुम्हाला आजच भूक लागली असेल तर त्याला मी काय करणार?

मी बोलतोय ते अनुभवानं. माझ्या खिशात २०१९ सालचा फोन आहे. त्याच्या काचेला उजव्या कोपऱ्यातून गेलेली भेग हुबेहूब सायन-पनवेल हायवेसारखी आहे, मानखुर्दला जरा अडखळते तीसुद्धा. चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच विजेचा प्रवाह कृपा करतो. तो कोन कुंकवाच्या डबीवर बरोबर जमतो, म्हणून डबी देवघरातून माझ्या उशाशी आली आहे. पण येत्या वर्षभरात येऊ घातलेल्या सहा फोनांच्या कॅमेऱ्याचा उंचवटा किती मिलिमीटर असेल, हे मला झोपेतून उठवून विचारा.

त्यातून तुम्ही नवी मुंबईकर असाल तर निम्मा अभ्यासक्रम तुमचा आधीच झालेला आहे. 'येणार, येणार' हे ऐकत जगायचं कसं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ साली. त्याच वर्षी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं पहिला आयफोन खिशातून काढून दाखवला. विमानतळाचं उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवाशांना घेऊन विमानं उडू लागली ती नाताळच्या दिवशी. मेट्रोची पायाभरणी मे २०११ मध्ये झाली तेव्हा बाजारात आयफोन ४ होता; बेलापूर ते पेंधर गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तेव्हा आयफोन १५ येऊन दोन महिने झाले होते. त्यातही ती सुरू झाली औपचारिक उद्घाटनाशिवाय. ना मंच, ना काळा टी-शर्ट घातलेला साहेब. एक दिवस फाटक उघडलं आणि लोक चढले. खारघरच्या बिल्डरांनी आपापल्या माहितीपत्रकांत मात्र ती कितीतरी वर्षं आधीच चालू केली होती. याला म्हणतात रेंडर: अजून नसलेल्या गोष्टीचं संगणकावर काढलेलं चित्र.

हा रेंडर शब्द नीट पाठ करा, पुढे फार लागतो. फोन बाजारात यायच्या आधी कव्हर बनवणाऱ्यांना त्याची मापं हवी असतात, कारण फोन आला त्या दिवशी कव्हर दुकानात लटकलेलं पाहिजे. ही मापं फुटतात. मग कोणीतरी संगणकावर त्यांवरून फोनचं चित्र बनवतो, आणि आपण त्या चित्रातल्या भोकांकडे तासन् तास बघत बसायचं. भोक मोठं दिसलं की कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा. भोक सरकलं की नवीन लेन्स. एक जास्तीचं भोक दिसलं की त्या रात्री जेवण गोड लागत नाही. कव्हरवाल्यानं चुकून भोक पाडलं असेल, असली शंका नवशिक्यांना येते. ती मनात दाबून टाका.

दुसरा रस्ता सरकारी आहे. भारतात फोन विकायचा तर ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सकडे नोंदणी लागते. त्या यादीत एखादा मॉडेल नंबर दिसला, म्हणजे नुसती चार अक्षरं आणि पाच आकडे, की लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाका: "भारतात येतोय! नक्की!" कॅमेरा, बॅटरी, किंमत, रंग यांबद्दल ती नोंद अवाक्षर काढत नाही. हे उत्तमच, आपल्याला मोकळं रान मिळतं. फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच ॲपचे आकडे कोणीही खोटे बनवून टाकू शकतो, म्हणून ते जास्त ठासून सांगावेत. आणि कधीकधी देव स्वतः पदरात टाकतो. २०१० साली ॲपलचा एक इंजिनिअर अजून बाजारात न आलेला आयफोन ४ कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या एका बारमध्ये विसरला. एका वेबसाइटनं तो पाच हजार डॉलरला मिळवला, उघडला आणि साऱ्या जगाला दाखवला. हे वाचल्यापासून मी दर शनिवारी बेलापूरच्या बारमध्ये जाऊन टेबलांखाली वाकून बघतो. आतापर्यंत चष्म्याचं एक घर आणि रेल्वेचा संपलेला पास मिळाला. घरी मी याला अभ्यास म्हणतो.

भाषा सांभाळा. 'येणार' असं कधीच म्हणायचं नाही. 'येऊ शकतो', 'असं समजतं', 'सूत्रांच्या मते'. पंचांगात पावसाचं भविष्य असतं ना, वाहन म्हैस, पर्जन्य मध्यम, तेच वळण. पडला तर आपण सांगितलं होतं, नाही पडला तर म्हैस दुसरीकडे गेली. फोनच्या बाबतीत म्हशीच्या जागी 'कंपनीनं शेवटच्या क्षणी निर्णय बदलला' हे वाक्य वापरतात.

आणि चुकलात म्हणून ओशाळू नका, तुमच्यापेक्षा फार मोठे चुकलेत. ऑक्टोबर २०१० मध्ये खुद्द जॉब्जनं सात इंची टॅबची थट्टा केली होती: एवढ्याशा पडद्यावर काम करायचं तर बोटं घासून बारीक करायला सोबत पॉलिश पेपर द्यावा लागेल! दोन वर्षांनी, तो गेल्यानंतर, त्याच्याच कंपनीनं आयपॅड मिनी आणला. "तो सात इंची नव्हताच मुळी, सात पूर्णांक नऊ होता," असं शांतपणे सांगणारे लोक मला आजही भेटतात. असं बोलता यायला लागलं की तुमचं शिक्षण पूर्ण झालं.

घडीच्या फोनाचं मात्र मला वाईट वाटतं. सॅमसंगचा पहिला २०१९ साली यायचा होता. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिलेले काही नग बिघडले आणि विक्री सप्टेंबरवर गेली. परीक्षकांपैकी काहींनी पडद्यावरचं संरक्षक पटल साधं स्क्रीनगार्ड समजून सोलून काढलं होतं! आपल्याकडे दिले असते तर ही वेळच आली नसती. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक गेली आठ वर्षं शाबूत आहे. भारतात त्याची किंमत होती १,६४,९९९ रुपये. ॲपलचाही घडीचा कितीतरी वर्षं 'पुढच्या वर्षी' येत राहिला, आणि माझ्यासारख्यांची सोय झाली.

आता इच्छा. इच्छांना जीएसटी नाही, तेव्हा हात आखडता घेऊ नका. हेडफोनचं भोक परत हवं, बॅटरी पूर्वीसारखी नखानं उघडता यावी, डब्यात चार्जर असावा. कंपन्या आपलं ऐकतात का? ऐकतात, उलट्या कानानं. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं. २०२० मध्ये आयफोन १२ च्या डब्यातून चार्जर गेला. सॅमसंगनं त्यावर यथेच्छ हसून घेतलं आणि तीन महिन्यांत आपल्याही महागड्या फोनच्या डब्यातला काढला. मात्र जे मागावं ते कधीतरी मिळतं, यावर श्रद्धा ठेवा. आयपॅड २०१० साली आला. त्यात साधा कॅल्क्युलेटर नव्हता. वाण्याच्या दुकानातल्या दीडशे रुपयांच्या यंत्राला जमतं ते त्याला जमेना. लोक मागत राहिले. २०२४ मध्ये तो आला. चौदा वर्षं! रामाचा वनवास तेवढाच होता, पण त्याला निदान शेवटची तारीख ठाऊक होती.

मेगापिक्सेलच्या बाबतीत तर लाजूच नका, दोनशे मागा. असा फोन मिळतोच. एरवी फोटो काढला की तो शेजारशेजारचे सोळा पिक्सेल जोडून एक करतो आणि तुमच्या हातात साडेबाराचा फोटो ठेवतो. लग्नाच्या पंगतीत दोनशे पानं मांडायची आणि साडेबारा जेवायला बसवायची, तसला प्रकार. तरीही सांगताना दोनशेच सांगायचं.

स्वस्ताची इच्छा धरताना तेवढं जपा. २०१६ च्या फेब्रुवारीत 'फ्रीडम २५१' नावाचा २५१ रुपयांचा स्मार्टफोन जाहीर झाला, आणि बुकिंगच्या गर्दीनं वेबसाइट आडवी झाली. पत्रकारांना जे नमुने दिले त्यांच्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते व्हाइटनरनं झाकलेलं होतं. अख्ख्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात मला हा तपशील सगळ्यात जवळचा वाटतो. आमच्या ऑफिसातही चुका याच मार्गानं दुरुस्त होतात.

टॅबचा विषय जरा घरचा आहे. लॉकडाउनमध्ये आमचे चिरंजीव आठवीत होते. शाळा मोबाइलवर भरायची, बायकोच्या. तो म्हणाला, "बाबा, एक साधा टॅब घ्या ना, अक्षरं दिसत नाहीत." मी त्याला समोर बसवून टॅबचा इतिहास सांगितला. ब्लॅकबेरीचा प्लेबुक २०११ मध्ये आला, तर त्यात स्वतःचं ईमेलच नव्हतं. ईमेलसाठीच गाजलेल्या ब्लॅकबेरीत ईमेल नाही म्हणजे आमटीत डाळ नाही. त्याच वर्षी एचपीचा टचपॅड १ जुलैला आला आणि १८ ऑगस्टला कंपनीनं त्याचा गाशा गुंडाळला. मग उरलेला माल ९९ डॉलरला निघाला आणि त्याच्यावर झुंबड उडाली. म्हणजे जे थांबले ते जिंकले की नाही? आपला 'आकाश' घे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बलांच्या हस्ते आला, सरकारला साधारण सव्वादोन हजारांना पडणारा, २५६ एमबी रॅमचा, आणि पडदा असा की बोट टेकवून भागायचं नाही, कणीक तिंबल्यासारखं दाबावं लागायचं. "म्हणून घाई करायची नाही, बाळा. पुढच्या वर्षी चांगले येतायत."

बाळानं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी चांगले आले, म्हणून त्याच्या पुढच्या वर्षीची वाट बघितली. दहावी झाली, बारावी झाली. आता तो इंजिनिअरिंगला आहे, चष्म्याचा नंबर अडीच. मध्यंतरी त्यानं शिकवण्या घेऊन स्वतःच्या पैशानं टॅब आणला. कुठला आणला, प्रोसेसर कुठला, मला विचारलंसुद्धा नाही. मी आपण होऊन म्हटलं, "अरे, तीन महिने थांबला असतास तर..." त्यानं कानात इअरबड्स घातले.

दुकानात जायला हरकत नाही. जावंच. वाशीला सेक्टर १७ मधल्या एका दुकानात मी महिन्यातून एकदा जातो, सगळे फोन हातात घेऊन बघतो आणि प्रत्येकाबद्दल "याचा पुढचा कधी?" एवढंच विचारतो. गेल्या खेपेला शेठनं मला स्टूलही दिलं नाही. मी मात्र त्याला ऑस्बर्नची गोष्ट सांगितली. ऑस्बर्न नावाच्या अमेरिकन कंपनीनं १९८१ साली उचलून नेता येईल असा संगणक काढला. उचलून म्हणजे अकरा किलो. धडाक्यात खपत होता. मग १९८३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की याच्याहून चांगला लवकरच येतोय, आणि सांगतात ते असं की गिऱ्हाइकांनी जुना घ्यायचंच सोडलं. सप्टेंबरात दिवाळं. "म्हणजे शेठ," मी म्हटलं, "आमच्यासारख्या वाट बघणाऱ्यांत केवढी ताकद असते बघा."

"साहेब," शेठ म्हणाला, "जरा बाजूला होता का? मागे गिऱ्हाईक आहे."

मागे आमच्या सासूबाई होत्या. नेरुळहून आल्या होत्या, हातात खारी बिस्किटांची पिशवी आणि बरोबर भिशीतल्या दोघी. एपीएमसीत तूरडाळ बघायला निघाल्या होत्या, तर मैत्रिणीचा रिक्षावाला इथून वळला. "अगंबाई, जावईबापू तुम्ही? बरं झालं. माझा तो बटणांचा बंद पडला सकाळी." मी सरसावलो. आता दोन महिने धीर धरा म्हणणार होतो, दिवाळीत किमती उतरू शकतात, सूत्रांच्या मते नवीन चिपसेट येऊ शकतो. सासूबाईंनी शेठला म्हटलं, "आवाज मोठा आहे का? अक्षर मोठं होतं का? मग द्या." शेठनं जुन्यातलं सिम काढून नव्यात घातलं. खारीची पिशवी मी धरून उभा होतो. चहा मागवून होईपर्यंत सगळं आटोपलं. चहा मलाच मिळाला, त्या डाळीला निघून गेल्या.

रात्री त्यांचा व्हिडिओ कॉल आला. माझा फोन डबीवर कलंडून चार टक्क्यांवर होता, म्हणून बायकोच्या फोनवर बोललो. चेहरा एकदम स्वच्छ दिसत होता, मागे देव्हाऱ्यातली समईसुद्धा. मला राहवेना.

"आई, प्रोसेसर कुठला आहे हो त्यात?"

त्यांनी फोन कानाजवळून दूर धरला, उलटसुलट करून पाहिला.

"निळा," म्हणाल्या.