ढिगारा हिरवा दाखवण्याचे सोपे उपाय

वणीकडच्या आमच्या गावाला लागून कोळसा खाणीतून उपसलेल्या दगड-मुरमाचा ढिगारा आहे. त्यावर ‘वृक्षाच्छादन समाधानकारक’ असल्याचा अहवाल परवा वाचला. एवढं कसब वाया जाऊ नये, म्हणून होतकरू मंडळींसाठी चार युक्त्या.

फोटो सप्टेंबरातच काढा. त्या दिवसांत आमच्याकडे शाळेच्या कौलांवरही गवत असतं.

रोपं लावताना मोजा, नंतर मोजू नका.

मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात पुढच्या जूनमध्ये नवं रोप लावा आणि ते एकूण आकड्यात मिळवा. एकाच खड्ड्यावर अशी तीन-चार झाडं सहज होतात.

जात सुबाभूळ. मोह, धावडा, तेंदू यांच्या वाढीला वेळ लागतो आणि साहेबांची बदली त्याआधी होते.

खरा आधार उपग्रहाचा. पानं तांबडा प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करतात. त्या फरकातून एनडीव्हीआय नावाचा हिरवेपणाचा आकडा निघतो, उणे १ ते अधिक १. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर जमीन. त्या ठिपक्यात घाणेरी आहे, गाजरगवत आहे की साग, हे तो आकडा सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. तुलनेला आधीचं चित्र मेमधलं घ्या, नंतरचं ऑक्टोबरातलं. कुणी विचारलंच, तर पावसाळ्यात ढग होते म्हणावं. ढग खरंच असतात हो! पण मेमध्ये नसतात ना? मग यंदाचं मेचं चित्र कुठंय? आणि चित्राचं राहू द्या, माती कुठंय? खाण खोदताना वरची सुपीक माती वेगळी ठेवून ढिगाऱ्यावर परत पसरायची असते. इथे वर नुसता दगड आणि मुरूम. पाऊस आला की घळी पडतात आणि सगळं नाल्यातून आमच्या कपाशीत येतं. ते कुठल्या रकान्यात भरता?

हे होत नाही, असंही म्हणू नका. नागपूरजवळ गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि जिवाणू खतं घालून झाडं जगवून दाखवली आहेत. उपग्रहही वाईट नाही. कुठे चढून बघायचं ते त्यावरून कळतं, पण चढावं तर लागतं! कायमचे चौकोन आखा. दरवर्षी त्याच महिन्यात तेच चौकोन मोजा. किती जाती, किती जिवंत, बुंध्याचा घेर किती, आणि कुणी न लावता उगवलेला पळस एक तरी आहे का, ते लिहा. यात कठीण काय आहे? खुर्चीत बसून जंगल मंजूर करता, लाज नाही वाटत?

मेमध्ये या, दुपारी बाराला. पाणी सोबत आणा, वर सावली नाही.