तीन लिप्यांचा देश आणि आमचं खरेदीखत

बडोद्याच्या दांडिया बाजारातून नानाकाकांनी घरच्या ग्रुपवर जॉर्जियाच्या लिपीचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, ‘‘बघा, एवढासा देश, तीन-तीन लिप्या जपतोय. आपल्याला मराठीची एक जुनी मोडी लिपी सांभाळता आली नाही.’’ ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून काकांचा एकच धोशा आहे: बडोद्यातल्या मराठी मुलांना मोडी सक्तीची करा. मी जॉर्जियाच्या राजधानीत, त्बिलिसीत राहते, म्हणून साक्षीला मला ओढलं, ‘‘तूच सांग गं यांना.’’

सांगते, पण काकांच्या बाजूनं नाही.

तीन लिप्या आहेत हे खरं. असोमतावरुली, नुसखुरी आणि मखेद्रुली. युनेस्कोनं 2016 साली तिन्ही वारशाच्या यादीत घेतल्या. पण माझ्या घरमालकीणबाईंना पहिल्या दोन वाचता येत नाहीत. चर्चच्या भिंतीवर काय कोरलंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘ते पाद्र्याला विचार.’’ त्याची त्यांना लाजही वाटली नाही. जुन्या दोन लिप्या चर्चच्या. भाजीवाल्याच्या पाटीपासून विजेच्या बिलापर्यंत बाकी सगळं मखेद्रुलीत. मखेदारी म्हणजे घोडेस्वार. म्हणजे इथे शिपाईगड्यांची, कारभाराची लिपी घरोघरी गेली आणि पोथीची देवळात राहिली. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. पोथीची बालबोध, म्हणजे देवनागरी, उरली, दफ्तरातली मोडी गेली.

काका याचं खापर इंग्रजांवर आणि छापखान्यावर फोडतात. मोडीचे छपाईचे खिळे पाडणं अवघड होतं हे मान्य, पण अशक्य नव्हतं. विल्यम केरी या मिशनऱ्यानं बंगालमधल्या श्रीरामपूरला 1810 साली मराठी कोश मोडीतच छापला होता. खरं तर बडोदेकरानं उत्तर शोधायला लांब जाऊच नये. समोरच्या फरसाणवाल्याची पाटी वाचावी. गुजराती लिपी एके काळी पत्रांची नि चोपड्यांचीच लिपी होती. तिला सराफी म्हणत, वाणियाशाई म्हणत, आणि ग्रंथ लिहायचे ते देवनागरीत. तरी फर्दुनजी मर्झबानांनी तिचे खिळे पाडले आणि 1822 साली तिच्यात ‘मुंबई समाचार’ काढला. पैसे मोजून वाचणारा पेढीवर बसलेला होता, त्याला जी लिपी येत होती ती छापली गेली. मराठीत छापील पुस्तकाची सूत्रं शास्त्र्यांकडे आणि शाळाखात्याकडे होती. त्यांनी आपली बालबोध पुढे केली. (हे माझं मत. काका भांडतीलच.)

आणि त्यात रडण्यासारखं काय आहे? मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची. आधी ओळीची रेघ मारून घ्यायची, मग हात न उचलता अक्षरं टांगत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. वाचणाऱ्यानं आपलं नशीब आजमावावं. वाड्याच्या वाटणीत पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत निघालं, तेव्हा आम्ही तेच केलं. दहा दिवसांचा वर्ग केलेल्या एका मुलानं वाचून सांगितलं की विहीर आपलीच. शेजाऱ्यांशी भांडणही झालं. मग पुण्याच्या एका आजोबांना फोटो पाठवले. त्यांनी पानामागे पैसे घेतले आणि दोन दिवसांत कळवलं: विहीर सामाईक.

म्हणून म्हणते, काका, सक्ती नको. तुमच्या नातवाला बालबोध वाचतानाही ओळीवर बोट ठेवावं लागतं, गुजराती माध्यमातला आहे तो. त्याला मोडीचं पुस्तक दिलंत तर दोन्ही जातील. त्यापेक्षा बडोदा संस्थानच्या दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागद, सोडून वाचतील अशी वीस माणसं तयार करा, आणि त्यांना पगार द्या. सत्कार, शाल, श्रीफळ नको, पगार. इथला पाद्री नुसखुरी वाचतो, कारण रोजच्या प्रार्थनेत त्याला ती लागते. अभिमानानं वाचता येत असतं, तर काकांना एव्हाना आलं असतं. युनिकोडमध्ये 2014 साली मोडी आल्यामुळे त्यांच्या डीपीवर त्यांचं नाव मोडीत आहे. ते फाँटनं केलंय.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. रात्री काकांचं उत्तर आलं, ‘‘ते असू दे. खरेदीखत तुझ्याकडे आहे का? इथे कपाटात सापडत नाहीये.’’

माझ्याकडे फक्त फोटो आहेत.