३ किलो ३४० ग्रॅम

गेल्या मंगळवारी मी माझा कॅमेरा गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. 'उचलता किती?' या खांद्याच्या डॉक्टरांच्या प्रश्नाला मला नेमका आकडा देता आला नव्हता. दुकानदाराने गुळाचा रवा बाजूला सारला, लेन्ससकट कॅमेरा तोलला आणि तुरीचा भाव सांगावा तितक्या कोरडेपणाने ३ किलो ३४० ग्रॅम असा निकाल दिला.

तेवढ्यावर मी निघायला हवे होते. पण पावशेर शेंगदाण्यांसाठी तालमीतले एक वस्ताद थांबले होते, आणि त्यांनी ''काय तोलताय?'' असे विचारताच मी निष्कारण प्रामाणिक झालो. दाजीपूरच्या अभयारण्यात गवे टिपताना खांदा भरून येतो, म्हणून लहान सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या छोट्या पट्टीची, मायक्रो फोर थर्ड्स ही कॅमेऱ्यांची पद्धत घ्यावी म्हणतो. तिचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, माझ्या ३६ बाय २४च्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढा, त्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स तिथे ६००चे काम करते आणि एकूण ओझे दोन किलोंच्या आसपास राहते, असे सगळे मी सांगितले.

वस्तादांनी एक दाणा सोलला. ''म्हंजे गवा मोठा होतोय, का कडा कापल्या जात्यात?''

''कडा कापल्या जातात,'' मला कबूल करावे लागले.

''मग कडा घरात कापा की. त्याला नवं मशीन कशाला?''

याला उत्तर आहे. माझ्या २४ मेगापिक्सेलमधून चौथा हिस्सा कापला तर सहाच उरतात, तिकडे त्याच तुकड्यात वीस मिळतात. परंतु मी 'चोवीस' म्हणेपर्यंत वस्तादांनी माझा कॅमेरा एका हाताने उचलून, तालमीतला जड लाकडी करेला फिरवावा तसा डोक्यामागून दोनदा फिरवलाही होता. ज्या लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत ती डोळ्यांदेखत मानेमागे दिसेनाशी होताना काय वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

''हे जड?'' ते म्हणाले. ''आमची बारकी पोरं ह्याच्या दुप्पट फिरवत्यात. मशीन नगा बदलू, खांदा बदला.''

दुकानदार हसला, आणि वस्तादांच्या पुडीत मूठभर दाणे जादा पडले. मला त्याने ''पिशवी देऊ का?'' असे विचारले.

खरा राग वेगळाच आहे. गवा हा काळा प्राणी, पायांत तेवढे पांढरे मोजे, आणि तो झाडीतून बाहेर पडतो दिवेलागणीला. तिथे लहान सेन्सर दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाशाने, मागे पडतो. माझ्या एफ/५.६ऐवजी जास्त उघडणारी एफ/४ची लेन्स घेतली तर त्यातला एक परत मिळतो, पण उरलेल्या एका स्टॉपची कसर गव्याच्या पाठीवर रवाळ दाण्यांच्या रूपाने दिसणारच. हे दाणे मला कितपत खपतील, ते एक संध्याकाळ वापरून पाहिल्याशिवाय कसे ठरवावे? ज्या दुकानांत मी भाड्याने मागून पाहिले, तिथे ''लग्नाला चालत नाही ते'' एवढेच उत्तर मिळाले. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, त्या आमच्या गावात आता कॅमेऱ्याची पारख अक्षतांवरून होते. गव्याचे लग्न मला तरी अजून कोणी दाखवलेले नाही.

आज सकाळी वस्तादांनी मला कोपऱ्यावर पुन्हा गाठले आणि चार माणसांदेखत खांद्याची चौकशी केली. नवीन घ्यायचे जवळजवळ ठरते आहे, असे मी ताठ मानेने सांगितले.

''घ्या की,'' ते म्हणाले. ''जुनं तालमीत द्या. पोरांना फिरवायला हुईल.''