बाळाला जुलाब झालेत? मग आधी रक्त काढा!

बाळाला जुलाब लागलेत? अहो मग बघताय काय, न्या लॅबमध्ये! बिघाड पोटात असला म्हणून काय झालं, शोधायचा तो हाताच्या शिरेतच.

डायपर अजिबात उघडून बघू नका. शेम पडतेय का, रक्त दिसतंय का, असले घाणेरडे प्रश्न सुशिक्षित माणसं विचारत नाहीत.

टोचताना हातपाय घट्ट धरा. आठ महिन्यांच्या गुबगुबीत हातात शीर कुठे सापडते, म्हणून डावा हात, मग उजवा, मग पाऊल. माझ्या लेकीला गेल्या आठवड्यात तीनदा टोचलं, रडून रडून आवाज बसला पोरीचा, आणि ती लॅबवाली ट्यूब हलवत म्हणते, क्लॉट झालं, परत घ्यावं लागेल. घ्या ना, घ्या! सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) घ्या, सीआरपी (शरीरात दाह आहे का ते) घ्या, विडाल (टायफॉइडची तपासणी) पण घ्या, जुलाबाला दोनच दिवस झालेत आणि विडालमधल्या अँटिबॉडीज दिसायलाच आठवडाभर लागतो, पण रकाना रिकामा दिसायला नको ना.

रिपोर्टमधले फक्त ठळक आकडे वाचा. सीआरपी जरा वर? झालं, बॅक्टेरिया! नेमका जंतू कोणता, शिगेला की साल्मोनेला, हे सीआरपी सांगत नाही, ते शीतले जंतू वाढवून बघणाऱ्या स्टूल कल्चरमध्ये कळतं, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात, एवढा दम कोणाला आहे. तान्ह्या बाळांचे बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात आणि अँटिबायोटिकने ते थांबत नाहीत, उलट वाढू शकतात, हे तर विसरूनच जा.

ओआरएस? छे, त्याचा रिपोर्ट येत नाही.

जाऊ दे, आता सरळच बोलते. रक्त तपासूच नका असं नाहीये. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलंय, निपचित पडलंय, तर रक्तात जंतू आहेत का बघणारं ब्लड कल्चर हवंच, सोडियम-पोटॅशियमही हवं. पण माझी पोर खेळत होती हो! पिशवीत सकाळचा डायपर गुंडाळून नेला होता, एकानेही बघितला नाही. शेवटची शू कधी केली, कोणी विचारलं नाही. घोट घोट ओआरएस पाजा, अंगावरचं दूध तोडू नका, झिंक 10 ते 14 दिवस द्या, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही जमत नसेल तर लहान मुलं तपासता कशाला? आणि आपणही कमी नाही, टेस्ट लिहिली नाही की "काही केलंच नाही" म्हणत दुसरा डॉक्टर गाठतो, मीपण गाठलाय.

तो डायपर शेवटी घरी येऊन टाकला.