लिंकनने केलं म्हणून?

आज मंडळाच्या पॉटलकमधून ताट अर्धं टाकून उठले. असं मी कधी करत नाही. पण एक काका, वयाने मोठे, एरवी अतिशय प्रेमळ, पुरीचा तुकडा मोडत सहज म्हणाले, "देश फुटायला आला की कायदा थोडा बाजूला ठेवावाच लागतो. लिंकनने नाही का लोकांना बिनचौकशी आत टाकलं? आज वॉशिंग्टनला त्याचं देऊळ आहे." चौघांनी माना डोलावल्या. माझ्या घशाखाली घास उतरेना.

मागच्या सप्टेंबरात बाबा जळगावहून आले होते. त्यांना बाल्टिमोरचा फोर्ट मॅकहेन्री दाखवायला नेलं. सगळे तिथे झेंडा बघायला जातात. १८१४ साली इंग्रजांनी रात्रभर तोफा डागल्या, आणि सकाळी झेंडा अजून फडकतोय हे पाहून फ्रान्सिस स्कॉट कीने कविता लिहिली, तीच पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली. मी बाबांना त्याच्या नातवाची गोष्ट सांगितली. फ्रँक की हॉवर्ड, बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्राचा संपादक. तेव्हा अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं होतं, आणि हा राष्ट्राध्यक्ष लिंकनवर सडकून टीका करायचा. १३ सप्टेंबर १८६१ ला भल्या पहाटे त्याला घरातून उचलला आणि याच किल्ल्यात आणून टाकला. आजोबांच्या त्या रात्रीला बरोब्बर ४७ वर्षं झाली होती. आरोप नाही, खटला नाही. या किल्ल्यातून त्या किल्ल्यात असे चौदा महिने.

बाबा विटांच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे होते. म्हणाले, "चौदा? माझ्यापेक्षा तीन जास्त."

जुन्या मित्रांना माहीत आहे, बाबा आणीबाणीत मिसा कायद्याखाली, बिनखटला, अकरा महिने आत होते. मी चार वर्षांची होते. आजी रात्री दाराला कडी लावायची नाही. "आला रात्री-बेरात्री तर?" एवढंच मला आठवतं, ती न लावलेली कडी.

त्या किल्ल्याच्या दारात आणखी एक गोष्ट घडलीय. मे १८६१ मध्ये जॉन मेरिमन नावाच्या माणसाला तिथे डांबलं. सरन्यायाधीश टॅनीने हुकूम काढला, त्याला माझ्यासमोर आणा. लष्कराने आणला नाही. मग कोर्टाचा माणूस किल्ल्यावर गेला, त्याला दारातूनच परत पाठवलं. टॅनीने निकाल लिहिला की कैद्याला न्यायाधीशासमोर आणायला लावण्याचा हा हक्क, म्हणजे हेबियस कॉर्पस, स्थगित करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, काँग्रेसला म्हणजे तिथल्या संसदेला आहे. कोण ऐकतंय! पुढे १८६३ ला काँग्रेसनेच तसा कायदा करून दिला. साधी कोर्टं चालू असताना नागरिकांवर लष्करी कोर्टात खटले चालवणं घटनेत बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं १८६६ ला. तोवर युद्ध संपून वर्ष झालं होतं.

तुरुंगातली माणसं निदान सुटली तरी. बाकीचं? आम्ही खानदेशातले, आमच्याकडे या युद्धाची आठवण कापसाची. तिकडचा कापूस अडकला, इंग्रजांच्या गिरण्यांना आमचा लागला, भाव आभाळाला भिडला. १८६५ ला लढाई थांबली, भाव कोसळला, मुंबईत सट्टेवाल्यांचं दिवाळं वाजलं. बाबा तिथेच म्हणाले, "कापूस उतरला गं, पण सरकार काही उतरलं नाही." खरंच आहे. उत्पन्नावरचा कर १८६१ ला युद्धासाठी आला. १८७२ ला गेला म्हणे, पण १९१३ ला घटनादुरुस्ती करून परत आला, आणि कर गोळा करायला १८६२ मध्ये उघडलेलं सरकारी खातं मधल्या काळातही बंद झालं नाही. आधी राज्याराज्यांतल्या बँका आपापल्या नोटा छापायच्या. त्या नोटांवर दहा टक्के कर बसवून नोटाच संपवल्या. १८६० ला केंद्राचा खर्च साधारण सव्वासहा कोटी डॉलर, १८६५ ला १३० कोटींच्या घरात. युद्धानंतर कमी झाला, पण पुन्हा कधी जुन्या जागी आला नाही.

आणि "राज्यांचे हक्क, राज्यांचे हक्क" म्हणून फुटून निघालेली दक्षिण? सक्तीची लष्करभरती आधी त्यांनी केली, एप्रिल १८६२ मध्ये. उत्तरेने वर्षभराने. शेतकऱ्याच्या धान्याचा दहावा हिस्सासुद्धा त्यांच्या राजधानीने, रिचमंडने, उचलला. म्हणजे हा एका लिंकनचा प्रश्नच नाही. घरातल्या घरात लढाई पेटली की दोन्हीकडची राजधानी फुगते.

हो, त्याच सत्तेने चाळीस लाख गुलाम मोकळे झाले, आणि कायद्याचा कैवारी तो टॅनी गुलामगिरीच्या बाजूचा होता. मान्य. आणखी काय मान्य करू?

पण गुलाम मोकळे करायला संपादकाला पहाटे उचलावं लागत नाही, काका! चांगल्या कामाच्या आडोशाने जे शिरतं, ते काम झाल्यावर बाहेर पडत नाही. पुढच्या माणसाला ते आयतं मिळतं, आणि दीडशे वर्षांनी कुणीतरी पुरी खाता खाता त्याचा दाखला देतं. बाबांना उचललं तेव्हाही देश धोक्यात आहे असंच सांगितलं होतं. १९७६ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, आणीबाणीत सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. आजीला यातलं काही कळत नव्हतं. तिने कडी काढून ठेवली.

मघाशी बाबांना फोन केला. तिकडे सकाळ, चहा चालला होता. मी तावातावाने सगळं सांगितलं, ताट टाकून उठल्याचंही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अन्न टाकून उठू नये. त्यांना एकदा किल्ल्यावर घेऊन जा. भिंतीला हात लावायला सांग."

काकांना मेसेज केलाय, शनिवारी वेळ आहे का म्हणून.