तारांकित म्हणे! तारा कधीच निखळला

डोकं फिरलंय, त्यामुळे शुद्धलेखन बघत बसू नका. २०२५ च्या २१ ऑगस्टला राज्यसभेचं पावसाळी अधिवेशन एकदाचं संपलं आणि शेवटी उपसभापतींनी जो हिशेब वाचून दाखवला तो ऐकल्यापासून नुसतं ठणकतंय. सदस्यांना २८५ प्रश्न विचारायची संधी होती, विचारले गेले १४. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, २८५ विषय मांडता आले असते, मांडले ७. सात! आमच्या ग्रामसभेत चहा यायच्या आत सात विषय होतात, त्यातले दोन भांडणासकट. एकूण काम ४१ तास १५ मिनिटं, म्हणजे ३९ टक्केसुद्धा नाही. दहावीला ३५ ला पास करतात, त्या हिशेबाने पास झाले म्हणायचं आणि पेढे वाटायचे.

तुम्ही म्हणाल तुला एवढं काय लागलंय, राज्यसभा कोण बघतं. आमच्याकडे अण्णा बघतात. अण्णा म्हणजे माझे वडील, सहकारी साखर कारखान्यात ३१ वर्षं फिटर होते, मिल हाऊसला, गळीत हंगामात तीन पाळ्या, दोन बोटांची पेरं तिथेच राहिली. आता ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन येते, महिन्याला १,८१२ रुपये. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांनाच त्यातले बाराशे जातात. आणि हे नशीबवान बरं का, कारण या योजनेत किमान पेन्शन हजार रुपये आहे, १ सप्टेंबर २०१४ पासून हजार, २०२५ ला पण हजारच. २०१४ ला गॅसची टाकी, तेलाचा डबा काय भावाने होता ते आईला विचारा, ती तारखेसकट सांगेल.

तर अधिवेशन संपायच्या तीनेक आठवडे आधी त्यांच्या पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की उद्या राज्यसभेत आपल्या पेन्शनवर प्रश्न लागलाय, तारांकित आहे, सगळ्यांनी बघा. अण्णांनी तो मेसेज मला चार वेळा वाचायला लावला. मग विचारलं, तारांकित म्हणजे काय रे, फाइव्ह स्टार का. म्हणलं नाही हो, ज्या प्रश्नाला तारा असतो त्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून तोंडी द्यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे उत्तर पटलं नाही तर विचारणाऱ्याला तिथल्या तिथे दोन उपप्रश्न विचारता येतात, मग इतर खासदार पण घुसू शकतात. बाकीचे १६० प्रश्न अतारांकित, त्यांचं नुसतं लेखी उत्तर. तारेवाले दिवसाला पंधराच, आधी पंधरा दिवस नोटीस द्यायची, मग चिठ्ठ्या काढतात, त्यात नंबर लागला तर लागला. अण्णा म्हणाले, म्हणजे लॉटरीच की. म्हणलं हो, आणि आपली लागलीय.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीपुढे! घरातच, शर्ट इस्त्रीचा! मांडीवर ती प्लॅस्टिकची पिशवी ज्यात पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आणि बँकेचं पासबुक असतं, जसं काय मंत्री टीव्हीतून हात काढून कागद मागणार आहे. मी मोबाईलवरून संसद टीव्ही लावून दिला.

अकरा वाजले, मार्शलची ललकारी झाली, सगळे उभे राहिले, नमस्कार-चमत्कार झाले. मग कागद पटलावर ठेवायचा, म्हणजे सभागृहापुढे सादर करायचा कार्यक्रम. एक मंत्री उठतो, कार्यसूचीत माझ्या नावापुढे दाखवलेले कागद मी पटलावर ठेवतो म्हणतो, बसतो. दुसरा उठतो, तेच, बसतो. अण्णा विचारतात, कुठले कागद ते सांगत का नाहीत. आता काय सांगू, वार्षिक अहवाल असतात, आणि अहवाल उशिरा आला असेल तर उशीर का झाला याचं निवेदन, ते पण पटलावर ठेवतात. म्हणजे उशीर करायची पण सरकारी पद्धत आहे, कागद जोडला की माफ. आम्ही लाईट बिल दोन दिवस उशिरा भरलं तर असलं निवेदन कुठल्या पटलावर ठेवायचं ते कोणीतरी सांगा.

एवढं होईपर्यंत एकदम शांतता होती हे लक्षात घ्या. कागद ठेवताना कोणी ओरडत नाही. मग आला नियम २६७, म्हणजे बाकीचं कामकाज बाजूला ठेवून या विषयावर चर्चा घ्या असं सांगणारी नोटीस. रोज सकाळी अशा नोटिसांचा गठ्ठा येतो, रोज सकाळी नामंजूर होतो, २०१६ ला नोटबंदीवर या नियमाखाली चर्चा झाली होती, ते आता जुन्या चांगल्या दिवसांसारखं सांगतात. यावेळी विषय बिहारच्या मतदार याद्यांचा. मागणी चुकीची होती असं मी अजिबात म्हणत नाही, यादीतून नाव उडणं ही साधी गोष्ट नाही, आणि सरकार पण ढिम्म, प्रकरण कोर्टात आहे म्हणून हात वर, सगळं अधिवेशन गेलं पण दोघांतला एक इंचभर हलला नाही. नोटिसा नामंजूर म्हणल्या म्हणल्या निम्मं सभागृह उठलं, हौद्यात, म्हणजे सभापतींपुढच्या मोकळ्या जागेत उतरलं, घोषणा सुरू, आणि अकरा वाजून पंधराएक मिनिटांनी बारापर्यंत तहकूब. शून्य प्रहर गेला. ज्यांचे विषय लागले होते ते तीन मिनिटांचं भाषण घडी घालून परत खिशात.

अण्णा म्हणाले, असू दे, आपलं बाराला आहे ना. हो, प्रश्नोत्तराचा तास बाराला असतो, पूर्वी अकराला असायचा, पण अकराच्या गोंधळात रोज बुडायचा म्हणून २०१४ ला बाराला नेला. आता बाराच्या गोंधळात बुडतो. हुशारी बघा.

बारा वाजले. पहिल्या प्रश्नाचा नंबर पुकारला, सदस्याने तोंड उघडलं, मागून घोषणा, सभापतींच्या आसनावरून सूचना, जागेवर जा, जागेवर जा, तुमच्याच सहकाऱ्यांचे प्रश्न आहेत, आणि अहो पाच मिनिटं, मोजून पाच मिनिटं, दोनपर्यंत तहकूब. टीव्हीवर स्थगितची पाटी. अण्णा पिशवी धरून तसेच बसलेले. आपला कितवा होता रे? सहावा.

आता माझा खरा संताप इथे आहे आणि हे ओरडणाऱ्यांच्या डोक्यात कधी शिरणार देव जाणे. तास बुडाला तर प्रश्न पुढे ढकलला जात नाही. उत्तर लेखी तयारच असतं, ते पटलावर ठेवलं असं धरतात आणि संपलं. म्हणजे तारा गळाला, अतारांकितासारखाच झाला तो. मंत्र्याला उभं राहायला लागलं नाही, उपप्रश्न नाही, नंतर मागून कोणी अहो पण २०१३ चं काय झालं असं टोकलं नाही. तुम्ही सरकारला धारेवर धरायला हौद्यात उतरता आणि त्या एका तासात सरकारची घामाशिवाय सुटका करून वर येता! मंत्र्यांनी तुम्हाला दिवाळीला फराळ पाठवला पाहिजे. आणि सरकारवाल्यांना तर बरंच आहे, अधिवेशनभर त्या एका विषयावर चर्चा दिली नाही की चौदा प्रश्नांत अधिवेशन निभतं, विरोधकांनी काम होऊ दिलं नाही म्हणून परत गळा काढायला मोकळे.

संध्याकाळी वेबसाइटवरून उत्तर काढलं. प्रश्नाचे चार भाग, चारही भागांना मिळून एकच उत्तर. योजनेत मालकाचा हिस्सा ८.३३ टक्के, केंद्राचा १.१६ टक्के, १५,००० पगाराच्या मर्यादेपर्यंत, सरकार बजेटमधून मदत करून हजाराची किमान पेन्शन देतं. अरे हे अण्णांना पाठ आहे, झोपेत सांगतील! वाढवणार का, हा प्रश्न होता. उपप्रश्न तिथेच लागला असता ना.

आणि २०१३ चं म्हणजे काय ते पण सांगतो. याच राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंग कोश्यारी अध्यक्ष होते, २०१३ ला सांगितलं होतं की किमान पेन्शन ३,००० करा. २०२५ ला त्याला बारा वर्षं झाली. तो अहवाल पण असाच पटलावर ठेवलेला. मधल्या काळात कोश्यारी आपल्याकडे राज्यपाल म्हणून येऊन राहून परत गेले, नंतरचे एक राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले, म्हणजे राज्यसभेचे सभापती. माणसं दिल्ली-मुंबई-दिल्ली करतात, हजार रुपये जागचे हलत नाहीत.

पैसे नाहीत म्हणाल तर २०२५ च्याच मार्चमध्ये खासदारांचा पगार लाखाचा १ लाख २४ हजार झाला, बैठकीचा रोजचा भत्ता २,००० चा २,५००, आणि माजी खासदारांची पेन्शन २५,००० ची ३१,०००, तेही एप्रिल २०२३ पासून मागचं धरून. याला कोणी हौद्यात उतरायला लागलं नाही, कारण २०१८ लाच कायद्यात सोय करून ठेवलीय की महागाईच्या हिशेबाने दर पाच वर्षांनी आपोआप वाढ. आपोआप! पाच वर्षं बसलं तरी ३१,०००. इकडे ३१ वर्षं उभं राहून १,८१२.

आणि गोंधळात काही होतच नाही असं पण नाही हो. शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन गेमिंगचं बिल २० तारखेला लोकसभेत मांडलं आणि पास, २१ ला राज्यसभेत गोंधळातच आवाजी मतदानाने पास, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत कायदा. तो चांगला की वाईट ते सोडा, माझं म्हणणं एवढंच की घोषणा चालू असताना होकार-नकार ऐकू येतो तर मग प्रश्न का ऐकू येत नाही?

त्या दिवशी दोनला परत लावलं. अण्णांनी जेवून गोळी घेतली, शर्ट बदलला नाही. दोन वाजून काही मिनिटांत दिवसभरासाठी तहकूब. मी टीव्ही बंद करायला उठलो तर म्हणाले, राहू दे, उद्या अकराला लावून दे, आज राहिला तो उद्या घेतील. पिशवी टीव्हीच्या शेजारीच ठेवली. आठवड्याच्या कुठल्या वारी कुठल्या खात्याचे प्रश्न ते ठरलेलं असतं आणि उद्या कामगार खात्याचा वार नाही, हे मी काय सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला लावून दिलं.