‘टीएनडी’ म्हणजे कॅन्सर नसल्याचा दाखला नव्हे

‘एआरटी वेळेवर घ्या, व्हायरल लोड टीएनडी आला की कॅन्सरची भीती गेली. मानेत गाठ आली तर ती टीबीचीच. बायोप्सी नको, हात लावला की पसरते.’ एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये असा मजकूर फिरतो आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबणारी औषधं, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आणि टीएनडी म्हणजे ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’: तपासणीत विषाणू सापडला नाही.

पहिलं वाक्य अर्धं खरं. विषाणू दबला की कपोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा, बहुधा त्वचेवर दिसणारा कॅन्सर) आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) बरेच कमी होतात, संपत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण तर एचपीव्ही हा वेगळाच विषाणू, आणि एआरटीची गोळी एचपीव्हीला मारत नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला हा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे सहापट. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या शिफारशीत तिची एचपीव्ही डीएनए तपासणी 25व्या वर्षापासून, दर 3 ते 5 वर्षांनी आहे, इतरांची 30पासून. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी करतात ती व्हीआयए तपासणी पाळी कायमची गेल्यावर फसते, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो.

गाठीचं प्रकरण जास्त धोक्याचं. ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन: टीबी आणि लिम्फोमा दोन्हींत हेच. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून अंदाजाने औषध सुरू होतं आणि महिने जातात. एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईने गाठीतून पेशी ओढून केलेल्या तपासणीत, सुट्या पेशी मिळतात, लिम्फोमाचा प्रकार ठरवायला गाठीची रचना दिसावी लागते. तेव्हा शक्य असेल तर अख्खी गाठ काढावी. तिचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा सलाइनमध्ये टीबीच्या तपासण्यांना: सीबीनॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणारी). सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की कल्चर गेलं. ही चूक ऑपरेशन टेबलाशीच होते, नंतर दुरुस्त होत नाही. बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमा तात्पुरता आक्रसतो आणि रिपोर्ट गोंधळतो. टीबी सापडला म्हणून शोध थांबवू नये, दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

टीबीचं औषध ‘देऊन तर बघू’ हेही फुकट पडत नाही: टीबीचं रिफाम्पिसिन हे एआरटीतल्या डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी पाडतं, म्हणून डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं.

बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही. पसरतो तो निदानाला लागलेल्या वेळात.

लिम्फोमा ठरला तर केमोथेरपीत एआरटी बंद करायची नसते, पण त्यातल्या औषधांची यादी तपासून घ्यायची. झिडोव्हुडिन असेल तर बदलून मागा. केमोथेरपीसारखं तेही रक्तपेशी घटवतं. रिटोनाव्हिर असेल तर व्हिनक्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाची विषबाधा वाढते, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना आधीच सांगा.